लॉगबुकात २५२ तास, तरी पायलट होता येईना: परदेशातलं फ्लाइंग भारतात कसं मोजलं जातं?

गेल्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. फराळाचं ताट पुढे ठेवता ठेवता मावशी म्हणाली, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? याचं जरा बघ. अमेरिकेहून पायलट होऊन आलाय, आणि इथे म्हणतात तास कमी पडतायत."

माझा मावसभाऊ शेजारीच बसला होता, गप्प. अमेरिकेतलं कमर्शियल पायलट लायसन्स त्याच्या खिशात होतं. लॉगबुकात एकूण २५२ तास होते. भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, लागतात २०० तास. म्हणजे ५२ तास वरच. मग कमी काय पडलं?

त्या रात्री त्याचं डिजिटल लॉगबुक मी सीएसव्ही फाइल म्हणून एक्सपोर्ट केलं आणि स्प्रेडशीटमध्ये उघडलं. दोन-अडीच तासांत उत्तर सापडलं. फाइलमध्ये एकही नोंद खोटी नव्हती, अॅपही बरोबर चाललं होतं. घोळ होता तो एकाच कॉलमच्या नावाचे दोन देशांत दोन अर्थ असल्याचा. आम्हा प्रोग्रामर लोकांना हा प्रॉब्लेम रोजचा आहे. फरक एवढाच, की आमच्याकडे त्याने रिपोर्ट चुकतो आणि इथे घर तारण ठेवून काढलेलं कर्ज अडकतं.

इन्स्टावर "१० महिन्यांत पायलट बना, फॉरेन लायसन्स, इंडियात कन्व्हर्जन इझी" अशा रील्स तुम्हालाही दिसत असतील. म्हणून हा लेख. पैसे भरण्याआधी वाचा.

आधी बातमी काय आहे ते पाहू

इंडिगोने २०२३ मध्ये एका झटक्यात एअरबसची ५०० विमानं मागवली. एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० विमानांची ऑर्डर दिली. एवढी विमानं उडवायला माणसं लागणार. येत्या १५ ते २० वर्षांत देशाला ३०,००० पायलट लागतील, असं नागरी हवाई वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी २०२५ मध्ये सांगितलं. आता तुलना करा. डीजीसीएने, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ सीपीएल दिली. २०२३ चा आकडा तेव्हा विक्रमी होता.

आपल्याकडे बारामती, गोंदिया, शिरपूर इथे फ्लाइंग ट्रेनिंग चालतं. अमरावतीत बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० पायलट तयार करणारी मोठी अकादमी उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. पण पावसाळ्यात ढग खाली आले की ट्रेनिंगची विमानं दिवसेंदिवस जमिनीवर असतात, आणि विद्यार्थी नंबर लावून बसलेले असतात. म्हणून बरीच मुलं अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड असे देश गाठतात. तिथे तास पटापट भरतात. प्रश्न सुरू होतो परत आल्यावर.

तिथलं लायसन्स इथे थेट का चालत नाही?

आपल्याला वाटतं, आकाश सगळीकडे सारखंच, सेस्ना विमान तेच, मग भानगड काय?

याचं उत्तर १९४४ सालच्या शिकागो करारात आहे. याच करारातून आयकाओ ही संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संघटना उभी राहिली. आज तिचे १९३ सदस्य देश आहेत. कराराचं ३३वं कलम म्हणतं, की एका देशाने दिलेलं लायसन्स किमान आंतरराष्ट्रीय दर्जाचं असेल तर इतरांनी ते मान्य करावं. त्यामुळेच एअर इंडियाचा पायलट न्यूयॉर्कला विमान उतरवू शकतो. पण त्याच्या आधीच्या ३२व्या कलमात एक अपवाद आहे: आपल्याच नागरिकाने दुसऱ्या देशाकडून लायसन्स आणलं, तर आपल्या हद्दीतल्या उड्डाणांसाठी ते नाकारायचा हक्क प्रत्येक देशाला आहे.

म्हणजे भारतीय मुलाने अमेरिकन लायसन्स आणलं आणि डीजीसीए म्हणालं, "आमच्या पद्धतीने पुन्हा तपासू," तर ते कराराला धरूनच आहे. मनमानी वाटत असली तरी ती नाही.

आणि तपासायला कारणंही आहेत. २०११ मध्ये भारतातच काही पायलटांनी खोट्या गुणपत्रिका देऊन लायसन्स मिळवल्याचं उघड झालं. राजस्थानातल्या एका फ्लाइंग क्लबच्या प्रकरणात न उडवलेले तास लॉगबुकात दाखवल्याचे आरोप झाले, अटका झाल्या. त्यानंतर डीजीसीएने हजारो लायसन्सची कागदपत्रं पुन्हा तपासायला घेतली. पुढे जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या तत्कालीन हवाई वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की देशातल्या ८६० पैकी २६२ पायलटांची लायसन्स संशयास्पद आहेत. लगेच १ जुलैपासून युरोपने पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीला बंदी केली. ती उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. एका देशाच्या कागदांवरचा विश्वास उडाला की तो परत यायला चार वर्षं लागतात, हे यातून दिसलं.

२०० तास म्हणजे नुसते २०० नाहीत

भारतातल्या सीपीएलची तासांची अट ढोबळमानाने अशी आहे:

- एकूण किमान २०० तास उड्डाण.
- त्यातले किमान १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी तुमच्यावर. याला सगळे पीआयसी म्हणतात.
- पीआयसीपैकी किमान १५ तास अर्ज करण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत झालेले.
- किमान २० तास पीआयसी म्हणून क्रॉस कंट्री, त्यात एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरचा, दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून.
- किमान १० तास इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर.
- किमान ५ तास रात्रीचं उड्डाण, त्यात १० टेकऑफ आणि १० लँडिंग.

हे आकडे आयकाओच्या किमान दर्जाच्या आसपासचेच आहेत. अमेरिकेचं माप मात्र थोडं वेगळं आहे. तिथे नियमांच्या 'भाग ६१' खाली शिकलात तर २५० तास लागतात. 'भाग १४१' खालच्या मान्यताप्राप्त स्कूलमध्ये ठरलेल्या कोर्सने गेलात तर १९० तासांतही कमर्शियल लायसन्स मिळू शकतं. इथेच पहिला खड्डा आहे. १९० तासांवर लायसन्स हातात पडतं, मुलगा खुशीत विमानात बसतो, आणि मुंबईत उतरल्यावर कळतं की भारताच्या हिशेबाने १० तास कमीच आहेत.

माझ्या भावाचा खड्डा दुसरा होता, आणि जास्त खोल.

एक तास, दोन कॉलम

फाइल उघडली तेव्हा तळाला बेरजा होत्या. एकूण वेळ २५२. पीआयसी २०४. ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरकडून शिकताना गेलेला वेळ, १२५.

माझ्या डोक्यात लगेच खटकलं. २०४ अधिक १२५ म्हणजे ३२९. एकूण वेळच २५२ आहे, मग हे ७७ तास आले कुठून?

"दादा, ते तसंच असतं तिकडे," भाऊ म्हणाला. आणि ते खरंही आहे. अमेरिकेच्या नियमांत तुमच्याकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स आलं, की ज्या प्रकारच्या विमानासाठी ते आहे त्याचे कंट्रोल्स एकट्याने हाताळत असाल तो वेळ तुम्ही पीआयसी म्हणून लिहू शकता. शेजारी इन्स्ट्रक्टर बसून शिकवत असला तरीही. म्हणजे तोच तास ड्युअलमध्येही जातो आणि पीआयसीमध्येही. कायदेशीर आहे, तिथे सगळे लिहितात.

भारतात तसं नाही. इन्स्ट्रक्टर शिकवतोय म्हणजे जबाबदारी त्याची, तुमचा तो तास ड्युअल. विषय संपला.

मी फिल्टर लावला: ज्या ओळीत ड्युअल आणि पीआयसी दोन्ही भरलेत त्या बाजूला. ७७ तास उडाले. राहिले १२७.

मग आणखी एक प्रकार दिसला. ३६ तासांच्या नोंदींत शेरा होता 'सेफ्टी पायलट'. म्हणजे दोन मित्र एकाच विमानात. एक जण बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर व्ह्यू लिमिटर लावून फक्त उपकरणांकडे बघत उडवतो, दुसरा बाहेर लक्ष ठेवतो. ठरावीक अटी पाळल्या तर अमेरिकेत दोघंही तोच तास पीआयसी म्हणून लिहू शकतात. भाडं निम्मं, तास दोघांना पूर्ण. विद्यार्थ्यासाठी भारी सोय. पण भारताच्या हिशेबात एका विमानाला एका वेळी एकच पीआयसी. हे तास धरून अर्ज करायची जोखीम आम्ही घेतली नाही. तेही वगळले.

१२७ वजा ३६ म्हणजे ९१.

लागतात १००. भाऊ स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नऊ तास. तिथे असताना मी हे तीन-चार दिवसांत उडवले असते."

तेच तर दुःख आहे. फाइलमध्ये एकही ओळ खोटी नाही. एका डेटाबेसमधला 'पीआयसी' हा कॉलम दुसऱ्या डेटाबेसच्या 'पीआयसी'ला सरळ जोडला, दोघांची व्याख्या वेगळी आहे हे कोणी पाहिलंच नाही. त्याच्या तिथल्या स्कूलने अमेरिकेची अट पूर्ण करून दिली, आणि त्यांचं काम तेवढंच होतं. भारताच्या अटीचा हिशेब ठेवणं ज्याचं काम होतं तो एजंट फी घेऊन केव्हाच मोकळा झाला होता.

सरकणारी खिडकी

दुसरी अडचण वेळेची. १५ तासांची जी अट आहे ती 'अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत' अशी आहे. ही खिडकी तुमच्यासोबत पुढे सरकत राहते. तुम्ही घरी बसलात की जुने तास एकेक करून तिच्या बाहेर पडतात.

आता परत आल्यावर काय काय करायचं ते बघा. डीजीसीएची एअर रेग्युलेशन्सची परीक्षा. नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्राचा एकत्रित, कॉम्पोझिट पेपर. पास व्हायला ७० टक्के. रेडिओ टेलिफोनीची आरटीआर परीक्षा. क्लास वन मेडिकल. तुमचं लायसन्स खरं आहे ना, याची ते देणाऱ्या देशाकडून पडताळणी. भारतातल्या स्किल टेस्ट. परीक्षा ठरलेल्या सत्रांतच होतात, पडताळणीला वेळ लागतो. या रांगेत सहा महिने कसे जातात कळत नाही. भाऊ मार्चमध्ये आला, आम्ही फाइल बघितली दिवाळीत. खिडकीत शिल्लक तास: शून्य.

म्हणजे त्याला आता भारतात उडवायलाच लागणार. सहा महिन्यांची अट आणि नऊ तासांची तूट दोन्ही एकाच १५ तासांत भागतील, एवढाच काय तो दिलासा.

उलट दिशेने गेलं तर?

कोणी म्हणेल, भारतच अवघड करून ठेवतो. तर अमेरिकेचा नियमही बघा. तिथल्या नियमावलीचं ६१.४१ हे कलम नेमकं याच विषयावर आहे. आयकाओच्या सदस्य देशातल्या अधिकृत इन्स्ट्रक्टरने अमेरिकेबाहेर दिलेलं ट्रेनिंग अमेरिकन लायसन्सच्या अटींमध्ये धरता येतं. म्हणजे बारामतीत शिकलेले तास फ्लोरिडात वाया जात नाहीत.

पण तेच कलम पुढे हात आखडता घेतं. त्या परदेशी इन्स्ट्रक्टरची सही फक्त 'एवढं ट्रेनिंग दिलं' इतकंच सांगू शकते. विद्यार्थी परीक्षेला तयार आहे, अशी शिफारस अमेरिकेचा मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टरच देणार. भारतीय सीपीएल दाखवून थेट अमेरिकन कमर्शियल लायसन्सही मिळत नाही. परदेशी लायसन्सच्या जोरावर तिथे फक्त प्रायव्हेट दर्जाचं मिळतं, कमर्शियलसाठी लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्याव्याच लागतात.

थोडक्यात, दोन्ही देश एकच तत्त्व पाळतात: तास मोजू, पण शेवटचा शिक्का आमच्या माणसाचा. मला हे तत्त्व पटतं. १८० प्रवाशांच्या पुढे जो बसणार आहे त्याला आपल्या देशाने एकदा स्वतः पारखून घ्यावं, यात गैर काय?

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे?

तक्रार टेक्नॉलॉजीची आहे. २० फेब्रुवारी २०२५ ला भारताने इलेक्ट्रॉनिक पर्सोनेल लायसन्स सुरू केलं. पायलटचं लायसन्स आता ईजीसीए मोबाईल अॅपमध्ये. चीननंतर असं करणारा भारत जगातला दुसरा देश. छान आहे. १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान कायदा लागू झाला आणि आरटीआर परीक्षेचं कामही दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आलं. एक खिडकी कमी झाली, हेही छान.

पण नीट बघितलं तर डिजिटल झालं ते लायसन्स. लायसन्सला आयकाओने आधीच साचा ठरवून दिलाय, रोमन आकड्यांनी क्रमांक दिलेल्या रकान्यांचा. कुठल्याही देशाचं लायसन्स घ्या, कुठल्या रकान्यात काय असणार ते ठरलेलं. लॉगबुकला मात्र असा एकच सर्वमान्य साचा नाही. अमेरिकेच्या सरकारी वेबसाइटवर नाव टाकून एखाद्याकडे लायसन्स आहे का ते तपासता येतं, पण त्याने किती तास, कुठल्या भूमिकेत उडवले ते तिथे दिसत नाही. ते राहतं विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, इन्स्ट्रक्टरच्या सहीखाली.

सगळी लढाई ज्या तासांवर आहे, तेच सर्वात कच्च्या स्वरूपात आहेत. भारतात शिकणाऱ्यांसाठी ईजीसीएमध्ये ई-लॉगबुक आहे, ट्रेनिंग देणारी संस्था त्यातल्या नोंदी मंजूर करते. परदेशात शिकणाऱ्या मुलालाही पहिल्या दिवसापासून भारताच्या व्याख्येने तास दाखवणारा एक साधा कॅल्क्युलेटर तिथेच मिळाला तर? 'ड्युअल असेल तर पीआयसी शून्य' ही अट कोडमध्ये एका ओळीची आहे. मी ती त्या रात्री स्प्रेडशीटमध्ये लिहिली. ती सरकारी पोर्टलवर असती तर माझ्या भावाला नऊ तासांची तूट फ्लोरिडातच, विमान समोर उभं असताना दिसली असती. नियम शिथिल करा असं मी म्हणत नाही. नियम वेळेवर दिसू द्या, एवढंच.

तुम्ही जाणार असाल तर

- आधी मेडिकल, मग व्हिसा. भारतातलं क्लास टू आणि क्लास वन मेडिकल हातात आल्याशिवाय परदेशी स्कूलला रुपयाही देऊ नका. बारावीच्या फिजिक्स-मॅथ्सची अट तुम्हाला कशी लागू होते ते डीजीसीएच्या साइटवर स्वतः वाचा.
- डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर जाण्याआधी काढा आणि जमतील त्या थिअरी परीक्षा इथे देऊनच जा. परत आल्यावर सहा महिन्यांची खिडकी वाचते.
- स्वतःची वेगळी शीट ठेवा. त्यात पीआयसीचा कॉलम भारताच्या व्याख्येने भरा: इन्स्ट्रक्टर शेजारी असेल तर शून्य, सेफ्टी पायलट असेल तर शून्य.
- या कॉलममध्ये ११० दिसल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका. शंभरावर थांबलात तर एखादी नोंद बाद झाली तरी अडकाल.
- शेवटचे २० तास सोलो उडवा, तेही परत यायच्या तोंडावर. ताजेपणा आणि पीआयसी दोन्ही मिळतं.
- प्रत्येक पानावर इन्स्ट्रक्टरची सही, विमानाचा नंबर, स्कूलचं पत्र. स्कूल उद्या बंद पडलं तर हेच तुमच्याकडे राहणार.
- एजंटला तोंडी विचारू नका, ईमेलवर विचारा: "डीजीसीएच्या अटीनुसार माझे पीआयसी तास किती भरतील?" उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजा.

भाऊ सध्या महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये नंबर लावून आहे. आठवड्यातून एक-दोनदा सॉर्टी मिळते. प्रत्येक उड्डाणानंतर तो मला शीटचा स्क्रीनशॉट पाठवतो. परवाचा आकडा होता ९६.४. खाली मेसेज: "दादा, या वेळी एकच कॉलम भरलाय."